लबक दिव्यांचे छायाचित्र : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाने यंदा 'छायाचित्र पुरावा कधी ठरते?' हा विषय घेतला असून, १९५१ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात लबक या गावी रात्रीच्या आकाशात दिसलेल्या गूढ दिव्यांच्या छायाचित्रांचा फलक माझ्याकडे आला आहे. गणिताची बाजू आमचे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते पाहणार आहेत आणि फिल्मवरची कामे मंडळातील एक छायाचित्रकार मित्र करणार आहे. प्रदर्शन अकरावी-बारावीच्या आणि महाविद्यालयातील मुलांसाठी आहे. त्यामुळे 'परग्रहवासी की थोतांड' या ठरावीक वादात न अडकता, पुरावा हातात कसा घ्यायचा आणि कसा तोलायचा हे मुलांना दिसावे, असे मला मनापासून वाटते.

छायाचित्र पाहिले नाही असा या विषयातला वाचक विरळाच. काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके दोन रांगांत मांडलेले असून त्या रांगा पुढे एका टोकाला मिळून इंग्रजी 'व्ही' अक्षराचा आकार करतात. खाली क्षितिज, झाड, घराचा कोपरा किंवा विजेची तार असे काहीही नाही. पहिल्या दिवशी नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे की, या चित्रात मोजपट्टी म्हणून वापरता येईल अशी एकही वस्तू नाही. ठिपके किती दूर आहेत, किती मोठे आहेत आणि किती वेगाने जात आहेत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चित्र स्वतःहून देऊ शकत नाही.

१९ ऑक्टोबर २०२४

आज घटनाक्रम लिहून काढला. प्रसिद्धी छायाचित्राला मिळाली असली तरी प्रकरणाची सुरुवात छायाचित्राने झालेली नाही.

२५ ऑगस्ट १९५१ रोजी रात्री नऊ वाजून गेल्यावर टेक्सास टेक्नॉलॉजिकल कॉलेजचे तीन प्राध्यापक लबकमध्ये एका घराच्या परसात बसले होते. घर भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. आय. रॉबिन्सन यांचे होते, त्यांच्यासोबत रासायनिक अभियांत्रिकीचे ए. जी. ओबर्ग आणि पेट्रोलियम अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख डब्ल्यू. एल. डकर होते. वीस ते तीस दिव्यांचा एक थवा डोक्यावरून निघून गेला आणि काही वेळाने दुसरा थवा आला. पहिल्या खेपेला तिघेही गांगरले होते, म्हणून पुन्हा दिसल्यास कोणी काय पाहायचे हे त्यांनी मधल्या वेळात आपसांत ठरवून घेतले. मला या प्रकरणातली ही फार मोलाची गोष्ट वाटते, कारण पाहणारे अचंब्याने पाहत असतानाच पद्धतशीरपणे पाहण्याचीही तयारी करत होते.

पुढच्या दिवसांत त्यांना असे थवे अनेकदा दिसले. ५ सप्टेंबरला रॉबिन्सन यांच्याच घराच्या पुढच्या अंगणात आणखी सहकाऱ्यांसह त्यांनी ते पुन्हा पाहिले. त्या रात्रीच्या साक्षीदारांपैकी ग्रेसन मीड यांनी दिव्यांचे वर्णन निळसर हिरवे, किंचित चकाकणारे, पूर्ण वर्तुळाकार आणि क्षितिजाजवळच्या पूर्णचंद्राहून लहान असे केले आहे. दिवे साधारण उत्तरेच्या आकाशात ४५ अंशांच्या उंचीवर अचानक प्रकट होत आणि दक्षिणेकडे तितक्याच उंचीवर नाहीसे होत. हे ९० अंशांचे अंतर कापायला त्यांना सुमारे तीन सेकंद लागत, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला ३० अंश. आवाज कसलाही नाही.

प्राध्यापकांनी पाहिलेला आकार मात्र टोकदार 'व्ही' नव्हता. त्यांचे दिवे अर्धवर्तुळासारखे, कधी नालाच्या आकारात, तर कधी नुसताच पुंजका अशा मांडणीत जात होते.

२७ ऑक्टोबर २०२४

छायाचित्रे ३० ऑगस्टच्या रात्रीची आहेत. कार्ल हार्ट ज्युनिअर हा त्याच महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. खिडकीतून त्याला अठरा-वीस पांढऱ्या दिव्यांचा 'व्ही' आकाराचा थवा दिसला, तेव्हा आपला ३५ मिलिमीटरचा कोडॅक कॅमेरा घेऊन तो आईवडिलांच्या घराच्या परसात जाऊन थांबला. त्यानंतर आणखी दोन थवे आले आणि त्यांची मिळून त्याने पाच छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याचे छिद्र एफ ३.५ आणि शटरचा वेग एक दशांश सेकंद, असे त्याने सांगितले.

फिल्म धुऊन झाल्यावर चित्रे 'लबक अ‍ॅव्हलँश' या स्थानिक दैनिकाकडे गेली. संपादक जे हॅरिस यांनी या तरुणाला, ही चित्रे बनावट निघाली तर तुला गावातून हाकलून देईन, असा सज्जड दम भरला आणि मग दहा डॉलर देऊन ती विकत घेतली. तिथून ती देशभरच्या वृत्तपत्रांत गेली आणि एप्रिल १९५२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या पानांवर आली. 'लाइफ'चा खप पाहता, लबक हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले ते या पानांमुळे.

हवाई दलाच्या वतीने चौकशी करणारे अधिकारी एडवर्ड रुपेल्ट नोव्हेंबर १९५१ मध्ये लबकला गेले. आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंच्या या चौकशीला त्या काळी प्रोजेक्ट ग्रज म्हणत, पुढे मार्च १९५२ मध्ये त्याचेच प्रोजेक्ट ब्लू बुक झाले. निगेटिव्ह राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. रुपेल्ट यांचा निष्कर्ष असा की, चित्रे बनावट असल्याचे सिद्ध झाले नाही आणि अस्सल असल्याचेही सिद्ध झाले नाही. हार्ट मात्र पुढे कित्येक दशके, ती चित्रे खरी आहेत आणि आपण कशाचे चित्र घेतले हे आपल्याला ठाऊक नाही, एवढेच सांगत राहिला.

आता या फलकाचा गाभा मला दिसू लागला आहे. छायाचित्रे दाखवली तेव्हा प्राध्यापकांनी, आम्ही पाहिले ते हे नव्हे, असे सांगितले होते. तरीही गेली सत्तर वर्षे जिथे जिथे प्राध्यापकांची हकिगत छापली जाते, तिथे तिथे शेजारी हार्टचे चित्र असते, आणि जिथे चित्र छापले जाते तिथे 'प्रतिष्ठित प्राध्यापकांनीही हेच पाहिले' असा मजकूर असतो. चित्राला साक्षीची पत मिळाली आणि साक्षीला चित्राचा चेहरा मिळाला. हा जोड सुटा केल्याशिवाय दोहोंपैकी कशाचाच न्याय करता येणार नाही.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर आज सरांकडे बसून कोनीय वेगाचे गणित केले. मुलांना हे गणित फळ्यावर करता येईल इतके सोपे आहे आणि त्यातून प्रकरणाचा अर्धा भाग उलगडतो.

सेकंदाला ३० अंश म्हणजे ०.५२ रेडियन. डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूचा प्रत्यक्ष वेग म्हणजे हा आकडा गुणिले तिची उंची. प्राध्यापकांच्या एका निरीक्षणात दिवे सुमारे २,००० फुटांवरच्या पातळ ढगाच्या वरून गेल्यासारखे वाटले होते, त्यावरून त्यांनी ताशी ६०० मैलांहून अधिक वेग काढला. आम्ही ६१० मीटर उंची धरली तर वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर, म्हणजे ताशी ७०० मैलांच्या पुढे येतो, तेव्हा त्यांचे गणित बरोबरच होते. पण सगळी इमारत त्या एका उंचीवर उभी आहे. रात्रीच्या आकाशात ढगाच्या वर की ढगाच्या खाली हे ठरवणे, दिवा तीन सेकंदच दिसत असताना, अतिशय अवघड असते.

मग गणित उलट बाजूने केले. ते दिवे म्हणजे शहरातल्या दिव्यांनी खालून उजळलेले पक्षी होते, असेही एक स्पष्टीकरण आहे. चिखल्या (इंग्रजीत प्लोव्हर) जातीचे पक्षी ताशी ५० मैल वेगाने उडतात असे धरले, तर सेकंदाला २२ मीटर होतात आणि ३० अंशांच्या कोनीय वेगासाठी त्यांची उंची साधारण ४३ मीटर असावी लागते. ही उंची चौदा-पंधरा मजली इमारतीएवढी असून पक्ष्यांच्या थव्यासाठी त्यात काहीच वावगे नाही.

सरांनी यात एक भर घातली, ती मला फार आवडली. ४३ मीटरवरच्या पक्ष्याच्या पांढऱ्या पोटाचा भाग वीस सेंटिमीटरचा धरला, तर तो पाव अंशाहून थोडा मोठा दिसेल. पूर्णचंद्र अर्ध्या अंशाचा असतो. मीड यांचे 'पूर्णचंद्राहून लहान' हे वर्णन इथे आपोआप बसते. शिवाय ४५ अंशांवर अचानक प्रकट होणे याचा अर्थ, त्या उंचीवर, निरीक्षकापासून आडव्या अंतराने ४३ मीटरवर प्रकाशात शिरणे असा होतो. शहरातल्या रस्त्याच्या दिव्यांच्या उजेडाचा पट्टा याच अंतरांचा असतो.

१७ नोव्हेंबर २०२४

पक्ष्यांच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोन्ही पुरावे आज एकत्र मांडले.

लबक हे टेक्सासच्या पश्चिमेकडच्या उंच सपाट माळावरचे, कापूस पिकवणारे गाव. १९५० च्या सुमारास त्याची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास होती. त्या माळावर पावसाचे पाणी साठून झालेली उथळ तळी विखुरलेली आहेत आणि स्थलांतर करणारे पक्षी तिथे उतरतात. १९५१ मध्येच गावातल्या काही रस्त्यांवर पाऱ्याच्या वाफेचे नवे दिवे बसवले गेले होते. जवळच्या ब्राऊनफिल्ड गावातल्या एका रहिवाशाने २५ ऑगस्टच्याच रात्री आपल्या परसातून दिव्यांचे दोन थवे पाहिले. तिसरा थवा मात्र सरळ निघून न जाता घराभोवती घिरट्या घालू लागला आणि त्यातून चिखल्यांची ओरड ऐकू आली. दुसऱ्या एका शेतकऱ्याने ३१ ऑगस्टला, मोटारीत बसून पाहायच्या उघड्या चित्रपटगृहावरून जाणारे पक्षी पाहिले, त्यांच्या पोटावर खालचा उजेड पडून ती चमकत होती.

आपल्याकडे हे पटवून द्यायला फार लांब जावे लागणार नाही. टिटवी याच चिखल्यांच्या कुळातली. रात्री-अपरात्री वस्तीवरून ओरडत जाणारी टिटवी सगळ्यांनी ऐकली आहे, आणि रस्त्याच्या दिव्यावरून जाताना तिचे पांढरे पोट क्षणभर उजळून निघालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लबकच्या परसातला तो क्षण चटकन कळेल.

विरुद्ध बाजूही तितकीच गंभीर आहे. स्थानिक वन्यजीव रक्षकाचे म्हणणे होते की, हे पक्षी इतक्या वेगाने उडत नाहीत आणि इतक्या मोठ्या थव्यांनीही जात नाहीत. महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी पक्ष्यांची शक्यता फेटाळली. मीड यांनीही, आपल्याला शिकारीचा अनुभव आहे, असा कोणताही पक्षी आपल्याला माहीत नाही, असे ठामपणे सांगितले. वेगाचा आक्षेप उंची ठाऊक नसल्यामुळे टिकत नाही, हे ९ तारखेच्या गणितावरून दिसते. थव्याच्या आकाराचा आक्षेप मात्र टिकतो आणि फलकावर तो तसाच मांडला पाहिजे. पक्षी कोणता, याबाबतही नेमकेपणा हवा. सोनचिखल्याची अमेरिकी जात शरद ऋतूत मुख्यतः अटलांटिक महासागरावरून दक्षिणेला जाते आणि उन्हाळी पिसाऱ्यात तिचे पोट काळे असते, त्यामुळे ऑगस्टअखेरच्या टेक्साससाठी ती फारशी जुळत नाही. किलडियर ही पांढऱ्या पोटाची, रात्री ओरडणारी चिखल्याची जात त्या मुलखात सर्रास आढळते आणि ती अधिक जुळते.

माझ्या दृष्टीने निर्णायक पुरावा खुद्द प्राध्यापकांनीच उभा केला आहे. उंची मोजण्यासाठी त्यांनी दोन तुकड्या केल्या, मोजलेल्या अंतरावर शहराबाहेर उघड्या माळावर त्या नेमल्या आणि दोन्हींच्या हाती बिनतारी संच दिले. दोन ठिकाणांहून एकाच वेळी कोन मोजला की उंची निघते, ही पद्धत बिनचूक आहे. पण माळावर बसलेल्या त्या तुकड्यांना एकही दिवा दिसला नाही. आणि त्याच सुमारास शहरात घरी असलेल्या त्यांच्या पत्नींना परसातून दिवे दिसले. शहरात दिसणारी आणि शहराबाहेरच्या अधिक काळोख्या आकाशात न दिसणारी वस्तू स्वतःच्या प्रकाशाने उजळत असेल, असे मानणे कठीण आहे. शास्त्रज्ञांनी योजलेला प्रयोग हवे ते उत्तर न देताही केवढे उत्तर देऊन जातो, याचे इतके सुरेख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. फलकाच्या मध्यभागी मला हाच प्रसंग हवा आहे.

१ डिसेंबर २०२४

छोटी पण उपयोगी नोंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण झाले होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. २५ ऑगस्टला त्यामुळे वद्य अष्टमीच्या आसपासची तिथी येते आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. ३० ऑगस्टला तो संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आकाशात नव्हताच. दोन्ही रात्री वरून चांदणे पडत नव्हते. वस्तू परप्रकाशी असतील तर प्रकाश खालूनच आला असला पाहिजे.

१५ डिसेंबर २०२४

आज फक्त छायाचित्र हाती घेतले, साक्षी बाजूला ठेवल्या.

पहिला प्रश्न हलण्याचा. शटर एक दशांश सेकंद उघडे असताना सेकंदाला ३० अंश जाणारी वस्तू ३ अंश सरकते. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे हे अंतर निगेटिव्हवर २.६ मिलिमीटर भरते. कॅमेरा स्थिर असता तर प्रत्येक दिव्याची जाड रेघ उमटली असती. हार्टच्या चित्रांत ठिपके आहेत, रेघा नाहीत. म्हणजे त्याने दिव्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवला असला पाहिजे आणि त्याचे म्हणणेही तसेच होते. हाताच्या वेगात दहा टक्क्यांची चूक धरली तरी पाव मिलिमीटरचा फराटा राहतोच. मान मागे टाकून, डोक्यावरून जाणाऱ्या थव्याबरोबर कॅमेरा फिरवत, मध्येच गुंडी फिरवून फिल्म पुढे सरकवत, चार सेकंदांत तीन चित्रे घेणे हे कौशल्याचे काम आहे. मित्राच्या जुन्या गुंडीच्या कॅमेऱ्यावर सराव केल्यावर तीन फ्रेम कशाबशा बसतात, त्यामुळे ही गोष्ट अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न उजेडाचा आणि तो अधिक महत्त्वाचा. त्या काळची वेगवान समजली जाणारी १०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या संवेदनक्षमतेचे माप) फिल्म, एफ ३.५ आणि एक दशांश सेकंद, एवढे धरले तर निगेटिव्हवर मध्यम करडी छटा येण्यासाठी पृष्ठभागाची तेजस्विता सुमारे १५ कॅन्डेला प्रति चौरस मीटर लागते. आता पक्षी घेऊ. रस्त्यावर १० लक्स उजेड पडतो आणि जमीन त्यातला पाचवा हिस्सा वर परावर्तित करते, असे धरले, आणि पक्ष्याचे पोट चांगले पांढरे आहे असेही उदारपणे मानले, तरी त्या पोटाची तेजस्विता अर्ध्या कॅन्डेलाच्या आतच राहते. हा उजेड आवश्यकतेपेक्षा चाळीसएक पटींनी कमी पडतो. मध्यम छटेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शापेक्षा कमी प्रकाश फिल्मवर जवळजवळ उमटतच नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मात्र अर्धा कॅन्डेला सहज दिसतो.

म्हणजे गणित असे सांगते की, प्राध्यापकांनी पाहिलेले दिवे उजळलेले पक्षी असतील, तर हार्टच्या कॅमेऱ्यात ते यायला नको होते. लबकच्या दैनिकाचे मुख्य छायाचित्रकार विल्यम हॅम्स यांनी कार्यालयाजवळच्या दिव्यांवरून जाणाऱ्या पक्ष्यांची रात्री चित्रे घेण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यांना हार्टसारखी चित्रे मिळाली नव्हती. या प्रयत्नाकडे सहसा 'पक्षी नव्हते' याचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. माझ्या मते त्यातून एवढेच सिद्ध होते की चित्रातले दिवे पक्षी नव्हते. परसातून डोळ्यांनी पाहिलेल्या दिव्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

५ जानेवारी २०२५

गणितावर न थांबता प्रयोग करायचे ठरले. अडचण पाऱ्याच्या दिव्याची होती, कारण गावातले रस्ते आधी पिवळ्या सोडियमकडे आणि मग एलईडीकडे गेले आहेत. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात असा एक दिवा अजून चालू असल्याचे कळले आणि तिथल्या रखवालदारांच्या परवानगीने आज तो पाहून आलो.

बटण दाबल्यावर दिवा लगेच पेटत नाही. आधी मंद, जांभळट उजेड येतो, मग चार-पाच मिनिटांत तो निळसर हिरव्या पांढऱ्या रंगावर स्थिर होतो. रखवालदारकाकांनी हात पुढे केला तेव्हा तळव्याचा लालपणा पार नाहीसा झाला होता आणि शर्टावरच्या तांबड्या रेघा तपकिरी दिसत होत्या. पाऱ्याचा प्रकाश ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपासच्या मोजक्या रेषांत वाटलेला असतो, त्यात तांबडा जवळपास नसतोच. मंद उजेडात आपला डोळाही हिरव्या-निळ्याकडे झुकतो. मीड यांच्या 'निळसर हिरवे' या शब्दांचा उगम मला त्या तळव्यावर दिसला.

२५ जानेवारी २०२५

प्रयोग संक्रांतीच्या वाऱ्यावर करण्याचा विचार होता, पण तेव्हा पौर्णिमा लागून आली होती आणि चांदण्यात ही चाचणी निरर्थक ठरली असती. म्हणून अमावास्येच्या आधीचा हा शनिवार निवडला.

काळ्या कागदाचा पतंग बांधून त्याच्या मधोमध वीस सेंटिमीटर व्यासाचे पांढऱ्या कागदाचे वर्तुळ चिकटवले. मांजा न वापरता साधा सुती दोरा घेतला आणि दर पाच मीटरवर त्याला गाठ मारली, म्हणजे दोरा किती सुटला ते अंधारात बोटांनी मोजता येते. पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून पतंग हवेत थोडाच वेळ ठेवायचा, असे आधीच ठरले होते. वारा पडत होता, पण सरांनी गच्चीवरच्या जुन्या सरावाने पतंग चढवला आणि ६० अंशांवर, ४६ मीटर दोऱ्यावर, म्हणजे ४० मीटर उंचीवर तो काही मिनिटे तोलून धरला.

काळा पतंग दिसेनासा झाला आणि पांढरे वर्तुळ उरले. कडा मऊ झाल्या होत्या, रंग फिका हिरवट होता. दिव्याकडे पाठ करून पाहिले की ते वर्तुळ स्वतःच्या उजेडाने पेटल्यासारखे वाटत होते. दिव्याच्या उजेडातून बाहेर सरकताच ते क्षणात विझत होते. पतंग आपणच उडवला आहे हे ठाऊक असूनही मला त्याच्या उंचीचा अंदाज येत नव्हता. वीस मीटर म्हटले तरी पटावे आणि दोनशे म्हटले तरी पटावे. १९५१ मधल्या प्राध्यापकांबद्दलचा माझा आदर आज वाढला. त्यांनी जे सांगितले ते जसे दिसले तसे सांगितले होते.

मित्राने १०० एएसएच्या कृष्णधवल फिल्मवर एफ ३.५ ठेवून एक दशांश सेकंदाची चित्रे घेतली आणि मग तिपाईवर कॅमेरा लावून दोन सेकंदांचीही घेतली.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर मित्राच्या घरी फिल्म धुतली. हायपोतून, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणातून, बाहेर काढून पट्टी उजेडासमोर धरली, तर एक दशांश सेकंदाच्या फ्रेम स्वच्छ, पारदर्शक, काहीही न उमटलेल्या होत्या. भिंगाखालीही वर्तुळ सापडत नाही. दोन सेकंदांच्या फ्रेमवर हलल्यामुळे फरफटलेला, पण निःसंशय ठिपका आहे. गणिताने सांगितले तेच घडले.

सरांचा आक्षेप नोंदवतो. आमचा दिवा एकच होता, लबकमध्ये रस्त्यावर दिव्यांची ओळ होती, शिवाय फिल्म जास्त वेळ धुऊन तिची संवेदनक्षमता काहीशी वाढवता येते. आक्षेप योग्य आहे आणि फलकावर तो येईल. पण दोन्ही गोष्टी मिळून चौपट-पाचपट फरक पाडतील, चाळीसपट नाही.

२ फेब्रुवारी २०२५

हार्टच्या चित्रांत काळ्या पुठ्ठ्याला पाडलेली भोके मागून उजळली असावीत, असा आरोप सर्रास केला जातो. आम्ही तसा पुठ्ठा करून पाहिला आणि दिसायला चित्र हुबेहूब आले. पण हवाई दलाच्या विश्लेषणात एक बारकावा आहे. त्यांच्या मोजमापांनुसार एक रांग चित्रागणिक जवळपास स्थिर 'व्ही'च्या रेषेत राहते, तर दुसरी रांग पहिलीच्या वरून तिच्यातून पार होऊन खाली जाते. एकाच पुठ्ठ्यावरच्या भोकांना हे जमणार नाही, कोन बदलून चित्र घेतले तरी ठिपक्यांचा क्रम कायम राहतो. त्यामुळे 'एक पुठ्ठा आणि एक दिवा' हे सरधोपट स्पष्टीकरण गळून पडते. चित्र अस्सल असल्याचे मात्र यावरून सिद्ध होत नाही, कारण दोन स्वतंत्र रांगा हलवूनही तसे करता येईल.

या तरुणावर कोणताही ठपका ठेवायचा नाही, हे मी मंडळाला आजच कळवले. ज्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही, ज्याला दम देऊनही त्याने शब्द फिरवला नाही, त्याला सत्तर वर्षांनी आपल्या फलकावर लबाड ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा न्याय अधिकाऱ्यांनाही लावला पाहिजे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रुपेल्ट यांनी, प्राध्यापकांनी पाहिलेल्या दिव्यांचा उलगडा झाला असून ती एक अगदी साधी नैसर्गिक घटना होती, असे लिहिले. पण उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाला नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिल्याचे सांगून तपशील देणे टाळले. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण ज्या उत्तराची रीत दाखवता येत नाही, ते उत्तर परीक्षकाला तपासता येत नाही, म्हणून फलकावर रुपेल्ट यांचे ते विधान येईल, पण निष्कर्षाला आधार म्हणून येणार नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

फलकाची अंतिम मांडणी आज ठरली. एकाऐवजी दोन फलक होतील आणि त्यांच्यामध्ये मुलांना चालत जावे लागेल इतके अंतर राहील. पहिल्यावर प्राध्यापकांची साक्ष, माळावरच्या दोन तुकड्या, उंची-वेगाचा तक्ता आणि आमच्या पतंगाचे दोन सेकंदांचे चित्र असेल. त्याचा निष्कर्ष स्पष्ट लिहिला आहे: खालून उजळलेले पक्षी हे सर्वांत सबळ स्पष्टीकरण आहे, थव्याच्या आकाराचा आक्षेप अद्याप शिल्लक आहे. दुसऱ्यावर हार्टची चित्रे, फराट्याचे आणि उजेडाचे गणित, रांगांचा बारकावा आणि आमची कोरी निगेटिव्ह असेल. त्याचा निष्कर्ष असा: या चित्रांतील दिवे पहिल्या फलकावरचे दिवे आहेत असे मानायला आधार नाही, आणि ती कशाची चित्रे आहेत हे त्यांवरून ठरत नाही.

पहिल्या फलकावर प्रसिद्ध चित्र नसेल तर लोक थांबणार नाहीत, असे मांडणी करणाऱ्या ताईंचे म्हणणे होते. त्यांची काळजी रास्त आहे, पण या एका बाबतीत मी आग्रह धरला आणि शेवटी त्यांनी तो मान्य केला. त्या जागी लबकच्या परसाचा आराखडा येईल, त्यात उत्तर दिशा, ४५ अंशांच्या दोन रेषा आणि रस्त्याच्या दिव्यांचा पट्टा दाखवायचा आहे. आराखडा सर गुरुवारपर्यंत देतील, त्यानंतर दोन्ही फलक छपाईला जातील.